लिलाव न झालेल्या लहरी

घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही टॉवरमध्ये रात्री नऊला फोनवर वायफायची यादी उघडा. वीस-पंचवीस नावं सहज दिसतात. 'प्लॅन तीनशे एमबीपीएसचा, मिळतात चाळीस' ही तक्रार त्यातल्या बऱ्याच घरांत असते आणि शिव्या कंपनीला बसतात. फायबर बहुतेक वेळा ठीकच असतं. घोळ हवेत असतो, आणि हवेचे नियम दिल्लीत ठरतात.

स्पेक्ट्रम, म्हणजे मोबाइल-वायफायच्या रेडिओ लहरींचे पट्टे, म्हटलं की लिलाव आठवतो. 2022 मध्ये 1,50,173 कोटींच्या बोली लागल्या, त्याची चर्चा महिनाभर चालली. भिंतीतून आत शिरणारा 700 मेगाहर्ट्झचा पट्टा मात्र राखीव किंमत डोईजड असल्यामुळे 2016 आणि 2021 अशा दोन्ही लिलावांत पडून राहिला होता. लहरी काही धान्यासारख्या कोठारात साठत नाहीत. ती वर्षं वायाच गेली, आणि हा दोष सरकारचाच.

घरातल्या वायफायचं गणित वेगळं. तिथे सरकारने एक पैसाही न घेता पट्टे खुले केले, आणि माझ्या मते हेच त्याचं जास्त शहाणपणाचं काम. 2.4 गिगाहर्ट्झ 2005 पासून परवानामुक्त आहे. पण पट्टा जेमतेम 83.5 मेगाहर्ट्झचा. त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल, म्हणजे पट्ट्यातले तुकडे, तीनच: 1, 6 आणि 11. शेजाऱ्याने राउटरमध्ये चॅनलची रुंदी 40 मेगाहर्ट्झवर ठेवली की तीनातलेही दोन जवळपास गेले. म्हणून इथे रुंदी 20 च ठेवा.

ऑक्टोबर 2018 मध्ये 5 गिगाहर्ट्झमध्ये एकूण 605 मेगाहर्ट्झ खुले झाले. जागा भरपूर, पण मधल्या पट्ट्यात रडारही असतात. 52 ते 64 आणि 100 ते 144 या चॅनलवर राउटर आधी साधारण मिनिटभर ऐकतो, रडारसारखं काही कानावर आलं की चॅनल सोडतो. मीटिंग ऐन रंगात असताना नेट दहा सेकंद गायब होतं, त्याचं एक कारण हे. रुंदी 160 केली तर या भागातून सुटका नाही. 80 वर ठेवा आणि 36 किंवा 149 हाताने निवडा, 'ऑटो'वर सोडू नका.

एवढं करूनही बेडरूममध्ये दोनच काड्या येत असतील तर राउटर कुठे आहे ते बघा. नव्या इमारतींत बिल्डर फायबर आणून सोडतो तो दारामागच्या, चपलांच्या कपाटाशेजारच्या पत्र्याच्या पेटीत. राउटर त्याच पेटीत कोंबून दार लावलं की निम्मा सिग्नल तिथेच मेला. त्यात मायवनच्या इमारती, म्हणजे आतल्या भिंतीही सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या. अशा दोन भिंती ओलांडताना 5 गिगाहर्ट्झची दमछाक होते. पेटीत फक्त ओएनटी, म्हणजे फायबर जिला जोडतात ती कंपनीची डबी, ठेवा, तिथून हॉलपर्यंत कॅट-6 ही नेटवर्क केबल ओढा. राउटर हॉलमध्ये, छातीच्या उंचीवर.

6 गिगाहर्ट्झचा खालचा पट्टा, 5925 ते 6425, खुला करण्याचा मसुदा केंद्राने मे 2025 मध्ये काढला. त्यात 160 रुंदीचे तीन चॅनल बसतात. अट अशी, की ही कमी ताकदीची उपकरणं घराच्या आतच वापरायची. गच्चीवर नाही, गाडीत नाही. या लहरी काँक्रीटपुढे 5 पेक्षाही लवकर हात टेकतात. म्हणजे शेजाऱ्याचा त्रास कमी, पण एका राउटरमध्ये तीन खोल्या भागणार नाहीत. नवा राउटर घेण्याआधी फोनला वायफाय 6ई किंवा 7 आहे का ते तपासा. नुसतं 'वायफाय 6' लिहिलं असेल तर तो 2.4 आणि 5 वरच राहणार.