लाल वायर काळ्यात

नौपाड्यातल्या काकांचा फोन आला. "तू होम थिएटरची सिस्टिम बसवून गेलास त्याला पंधरा दिवस झाले. सिनेमा छान वाटतो, पण तबल्याचा डग्गा गेलाय रे. मुलगा म्हणतो, जुने स्पीकर संपले, विकून टाकू. रविवारी एक जण बघायला येतोय."

काका बोटीवर इंजिनिअर होते. १९७४ मध्ये त्यांनी जेबीएल कंपनीच्या एल-१०० स्पीकरची जोडी घरी आणली. १९७० साली आलेलं हे मॉडेल म्हणजे ४३१० या स्टुडिओ मॉनिटरचं, म्हणजे रेकॉर्डिंग स्टुडिओतल्या स्पीकरचं, घरगुती रूप. खर्जासाठी १२ इंची पांढरा वूफर, मधल्या सुरांसाठी ५ इंची मिडरेंज आणि वरच्या सुरांसाठी छोटा ट्वीटर. पुढच्या फोमच्या जाळीचा ठाण्याच्या दमट हवेत केव्हाच भुगा झाला होता. वूफरची कड मात्र कापडाची, लेप दिलेली, म्हणून ५० वर्षांनीही शाबूत. त्या काळातले फोमच्या कडेचे वूफर माझ्याकडे येतात ते बहुतेक कडा झडलेलेच. असे स्पीकर विकायला काढायचे, या विचारानेच मला वाईट वाटलं.

या जोडीला मी नवा रिसीव्हर (सगळे स्पीकर चालवणारा अँप्लिफायर), मधला सेंटर स्पीकर, मागचे दोन छोटे स्पीकर आणि फक्त खर्ज वाजवणारा सबवूफर जोडून दिला होता. माइक लावून कॅलिब्रेशन करताना, म्हणजे खोलीप्रमाणे आवाज जुळवताना, दोन्ही एल-१०० साठी 'फेज तपासा', म्हणजे वायर उलटी तर नाही ना ते बघा, अशी सूचना आली होती. मी वायरी पाहिल्या: लाल लालला, काळी काळीला. भिंतीवरून परतणाऱ्या आवाजामुळे ही सूचना खोटीही येते, हे आमच्या कामात सगळ्यांना ठाऊक आहे. मी पुढे गेलो. तिथेच चुकलो.

शनिवारी सकाळी काकांनी तबला सोलोची सीडी लावली. चाटेचे बोल स्वच्छ, पण 'घे'ला घुमारा नाही. हात डग्ग्यावर नुसता आपटल्यासारखा. मी सहज सबवूफर बंद केला आणि डग्गा परत आला! सबवूफर बंद केल्यावर बास वाढत असेल, तर सब आणि स्पीकर एकमेकांचा आवाज खोडताहेत.

रिसीव्हर बंद करून स्पीकरच्या वायरी काढल्या आणि १.५ व्होल्टचा पेन्सिल सेल घेतला. धन टोक लाल टर्मिनलला, ऋण काळ्याला. एल-१०० मध्ये वूफरच्या वाटेत फिल्टर नाही, तो थेट टर्मिनलला जोडलेला असतो. वूफरचा कोन, म्हणजे हलणारा पडदा, कुठे सरकतो ते बघायला काका पुढे टॉर्च धरून बसले. बारीक 'टक्' झालं.

"बाहेर आला की आत गेला?"

"आत."

दुसऱ्या स्पीकरलाही आत. नव्या सेंटरला तोच सेल लावला, तर त्याचा कोन बाहेर आला.

मग डोक्यात प्रकाश पडला. त्या काळात जेबीएलची पद्धतच अशी होती: धन काळ्या टर्मिनलला दिलं की कोन बाहेर. आजची सर्वसाधारण रीत बरोबर उलट. जोडी एकटी वाजत होती तोवर काही बिघडत नव्हतं, कारण दोन्ही कोन एकदमच आत, एकदमच बाहेर. काकांनी इतकी वर्षं तेच ऐकलं आणि सुखाने ऐकलं. पण मी क्रॉसओव्हर ८० हर्ट्झला ठेवला होता, म्हणजे त्याखालचा खर्ज सबकडे, वरचा आवाज एल-१०० कडे. त्या हद्दीजवळच्या पट्ट्यात सब आणि एल-१०० दोघंही वाजतात, आणि तिथे आवाजाची लहर ४ मीटरहून लांब असते. हॉलभर एक हवा ढकलत होता, दुसरा ओढत होता. डग्ग्याची घुमक त्यातच विरत होती.

दोन्ही स्पीकरच्या वायरी उलट केल्या. मधले आणि वरचे सूर कमी-जास्त करणाऱ्या समोरच्या प्रेझेन्स आणि ब्रिलियन्सच्या नॉबमध्ये खरखर होती, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून त्या वीस-पंचवीस वेळा फिरवल्या आणि दोन्हीकडे एकाच खुणेवर ठेवल्या. कॅलिब्रेशन पुन्हा केलं. सूचना आली नाही. क्रॉसओव्हर ६० वर आणला, एवढ्या मोठ्या वूफरला त्याचं काम करू द्यायला हवं.

पुन्हा तीच सीडी. पहिल्या 'घे'लाच काकांनी स्पीकरच्या खोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. लाकूड थरथरत होतं.

मी मागे पट्टी चिकटवली, 'वायर मुद्दाम उलटी जोडली आहे', म्हणजे पुढचा कारागीर ती 'दुरुस्त' करणार नाही. तोवर काकांनी त्या माणसाला फोन लावला होता. "रविवारी येऊ नका," ते म्हणत होते, "द्यायचे नाहीत."