तुम्ही विचारलंत म्हणून : खुंटीवरच्या पिशवीचा हिशेब

वस्तूंच्या जीवनचक्राचा, म्हणजे कच्च्या मालापासून कचऱ्यापर्यंतच्या परिणामांचा, हिशेब मांडणे हे माझे काम असल्याने, कार्बन फूटप्रिंट (तिच्यापायी हवेत जाणाऱ्या हरितगृह वायूंचा आकडा) कमी असलेली वस्तू पर्यावरणाला एकंदरीतच कमी जाचक असते असे धरून चालावे का, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. वस्तूची बहुतेक हानी इंधन जाळण्यातून होत असेल, तर चालावे, एरवी नाही.

माझ्या स्वयंपाकघराच्या दारामागे एक सुती पिशवी टांगलेली असते. तिचे बंद दोनदा शिवून झाले आहेत आणि तळाशी हळदीचा डाग आहे. डेन्मार्कच्या पर्यावरण संरक्षण विभागाच्या २०१८ सालच्या अहवालानुसार, दुकानातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीशी बरोबरी साधायला अशी पिशवी नुसत्या हवामानबदलाच्या निकषावर ५२ वेळा वापरावी लागते, आणि सगळे निकष धरले तर ७,१०० वेळा. आठवडी बाजाराला नेली तर पहिला आकडा वर्षभरात गाठता येतो. दुसऱ्याला १३६ वर्षे लागतील. हा दुसरा आकडा सरासरीचा नसून सर्वांत वाईट ठरलेल्या एकाच निकषाचा, म्हणजे ओझोनच्या थराच्या हानीचा आहे, हे तो ऐकवणारे सहसा सांगत नाहीत. शिवाय उघड्यावर पडणारा कचरा डेन्मार्कपुरता नगण्य मानून त्यात धरलेलाच नाही. प्लॅस्टिकच्या पिशव्या गटारांत अडकून २६ जुलै २००५ ला आणखीच तुंबलेली मुंबई पाहिलेल्या माणसाला ते पटणे कठीण आहे.

कापसाच्या कार्बन हिशेबात पंपाची वीज, ट्रॅक्टरचे डिझेल, खतातून सुटणारा नायट्रस ऑक्साइड, एवढेच काय, कीटकनाशक तयार करायला लागलेली ऊर्जाही येते. ते कीटकनाशक पुढे कोणाच्या अंगावर उडाले, हे मात्र येत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, आणि त्याने कापसाचा कार्बन किलोभरानेही बदलला नाही.

डेन्मार्कच्याच तंत्र विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ साली सुमारे ४,००० वस्तू, तंत्रे आणि सेवा तपासल्या, तेव्हा विषारी परिणामांच्या बाबतीत कार्बनचा आकडा विशेषच कुचकामी ठरला.

अर्थात विषारीपणाचे आकडेही शंभर-हजार पटींनी इकडे-तिकडे होऊ शकतात. एका गिऱ्हाइकाने याच कारणावरून तो रकाना गाळायला सांगितले होते. मी तो अनिश्चिततेच्या मर्यादांसह ठेवला, आणि पुढचे काम दुसऱ्याकडे गेले.