चर्चच्या तळघरातले गुरुवार

२०२३च्या फेब्रुवारीत नवऱ्याची नोकरी गेली. एच-१बी व्हिसावर नोकरी सुटली की हातात जास्तीत जास्त ६० दिवस असतात. तेवढ्यात दुसरी कंपनी मिळाली नाही तर गाशा गुंडाळायचा. मी एच-४वर, म्हणजे त्याच्यावर अवलंबून असलेल्या जोडीदाराच्या व्हिसावर, मला कामाची परवानगी नाही. न्यू जर्सीतलं घरभाडं, गाडीचा हप्ता, वकिलाची फी, यातलं काहीच कमी होण्यासारखं नव्हतं. त्यामुळे रोज रात्री हिशोबाला बसलो की कात्री लागायची ती किराण्यालाच.

अशात मुलाच्या दप्तरातून शाळेने दिलेला एक कागद निघाला. जवळच्या मेथडिस्ट चर्चच्या तळघरात दर गुरुवारी चार ते सहा फूड पँट्री, म्हणजे गरजूंना फुकट किराणा, कुणीही यावं. तो कागद चार दिवस फ्रिजवर होता. नवरा म्हणाला, "अगं, अजून इतकी वेळ नाही आली आपल्यावर." मी त्याला माझ्या आजोबांची आठवण करून दिली. ते पुण्यात वार लावून शिकले. सात वार, सात घरं. म्हातारपणीही ती घरं क्रमाने सांगायचे, कुठल्या घरी ताक आंबट असायचं तेसुद्धा. सांगताना त्यांच्या आवाजात मला कधी लाज ऐकू आली नाही. नवरा काही बोलला नाही, पण गुरुवारी गाडी त्यानेच काढली.

मनात दोन धास्ती होत्या. पहिली, पुढे ग्रीन कार्डच्या वेळी "सरकारवर भार" म्हणून हे आपल्या विरोधात जाईल का? वकिलाने स्पष्ट सांगितलं, पँट्रीतलं अन्न त्यात धरत नाहीत. (फूड स्टॅम्प, म्हणजे किराण्यासाठीची सरकारी मदत, आमच्या व्हिसावर मिळतच नाही, तो प्रश्नच नव्हता.) दुसरी धास्ती, आत गेल्यावर प्रार्थनेला बसवतील का? तसं कुणी विचारलंसुद्धा नाही. पुढे कळलं की केंद्र सरकारच्या शेती खात्याकडून येणारा माल वाटायचा तर अशी अट घालताच येत नाही.

टेबलापाशी एक वयस्कर बाई होत्या. नाव, पिनकोड, घरात माणसं किती, एवढंच विचारलं. पगाराची चिठ्ठी नाही, पासपोर्ट नाही. मग उत्पन्नाचा एक तक्ता पुढे केला: तुमचं उत्पन्न या आकड्याच्या आत असेल तर खाली सही करा. उत्पन्न शून्य होतं, तरी माझं पेन थांबलं. बाईंनी मान वळवली आणि शेजारचा कागदांचा गठ्ठा नीट करत राहिल्या, माझी सही होईपर्यंत. ती मान वळवणं मी विसरणार नाही.

मला वाटलं होतं, बांधून ठेवलेला खोका हातात देतील. आत चक्क दुकान मांडलेलं होतं. ढकलगाडी घ्यायची आणि फळ्यांवरून आपल्याला हवं ते उचलायचं. तिघांच्या घराला तांदळाची एक पिशवी, कडधान्यांची दोन पाकिटं, पीनट बटरची एक बरणी, अशा चिठ्ठ्या लावलेल्या. आम्ही शाकाहारी. बांधलेल्या खोक्यात ट्यूना आणि चिकनचे डबे आले असते, ते आम्ही कुणाला देत बसलो असतो? इथे राजमा होता, छोले होते, मसूर होता. त्या संध्याकाळी कित्येक दिवसांनी मी घरात विचारलं, "आज काय करू?"

असे पाच गुरुवार गेलो. ४७व्या दिवशी नव्या कंपनीने नवऱ्याच्या व्हिसाचा अर्ज दाखल केला आणि श्वास मोकळा झाला. पुढच्या आठवड्यात मी त्याच तळघरात गेले, पण मागच्या दाराने, माल लावायला. बिनपगारी सेवा एच-४वर चालते, हेही वकिलाला विचारून घेतलं होतं.

मंगळवारी फूड बँकेचा ट्रक येतो. फूड बँक म्हणजे मोठं गोदाम, पँट्री म्हणजे गल्लीतलं दुकान, असं समजा. ही पद्धतही एका चर्चच्या आधारानेच उभी राहिली: १९६७ साली ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये जॉन व्हॅन हेंगेल यांनी सेंट मेरीज फूड बँक सुरू केली, ती जगातली पहिली. दहा मुलांच्या एका आईने त्यांना सुचवलं होतं म्हणतात, की पैशांसारखं अन्नही ठेवता-काढता येईल अशी बँक हवी.

माल निवडणं हे डोळ्यांत तेल घालून करायचं काम. डबा फुगलेला असेल किंवा सांध्यावर चेपलेला असेल तर सरळ बाद. "बेस्ट बाय"ची तारीख उलटली म्हणून डबाबंद वाटाणा खराब होत नाही. ती तारीख चवीची असते. बाळाच्या दुधाच्या पावडरीला मात्र तारखेत एका दिवसाचीही सूट नाही.

आपल्या मंडळांत गणपतीला डबे गोळा करतात, ते फार चांगलं. पण जमलं तर पैसेही द्या, कारण फूड बँकेला माल घाऊक भावात मिळतो. आणि डबे द्याल तेव्हा झाकणाला कडी असलेले द्या. मोटेलमध्ये राहणाऱ्या कुटुंबांकडे डबा फोडायचं साधनही नसतं.

मसुराची पाकिटं आमच्याकडे आठवडेच्या आठवडे पडून असायची. फुकट असूनही कुणी हात लावेना, कारण शिजवायचा कसा तेच माहीत नाही. एका गुरुवारी मी चर्चच्या स्वयंपाकघरात मोठं पातेलंभर आमटी केली, कांदा, टोमॅटो, लसूण, जिरं घालून. गोडा मसाला नाही घातला. घरी गेल्यावर त्यांना तो कुठून मिळणार? कागदी कपांतून सगळ्यांना चवीला दिली, सोबत कृतीची चिठ्ठी. टेबलावरच्या त्या बाईंनी दोन कप घेतले. सहा वाजता फळीवर तीन पाकिटं उरली होती. आता मंगळवारी ट्रकची यादी भरताना त्या मला आधी विचारतात, मसूर किती मागवू?