आमची वाटचाल: कंपनीने सोडलेले फोन

ठाण्यात गोखले रोडला लागून असलेल्या एका गल्लीत आम्ही मोबाइल दुरुस्तीचा गाळा घेतला, तेव्हा काम ठरलेलं होतं: फुटलेला डिस्प्ले, फुगलेली बॅटरी, सैल झालेली चार्जिंग पिन. हळूहळू वेगळंच गिऱ्हाईक यायला लागलं. फोन धडधाकट, काच शाबूत, आणि तक्रार एकच, "दादा, अ‍ॅपच घेत नाही." आत बघावं तर सिक्युरिटी पॅच, म्हणजे सुरक्षेतल्या फटी बुजवणारा अपडेट, दोन वर्षांपूर्वीचा. अपडेट तपासायला गेलं की वर उत्तर काय, तर तुमचा फोन अद्ययावत आहे!

त्या काळी स्वस्तातला फोन विकून झाला की कंपनी हात झटकायची. रेडमी नोट ४ घ्या. २०१७ च्या जानेवारीत भारतात आला तो अँड्रॉइड ६ घेऊन. ७ पर्यंत पोचला आणि तिथेच थांबला. खरं तर सगळा दोष फोनवाल्यांचाही नाही. चिप बनवणाऱ्याने ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारं सॉफ्टवेअर, द्यायचं थांबवलं की पुढचं काम महाग पडतं, आणि विकलेल्या मालावर कोण खर्च करतो?

पण अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्स कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, आहे, आणि त्याच्या परवान्यामुळे कर्नलचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, खुला करावाच लागतो. त्याच्या जोरावर हौशी प्रोग्रामर जुन्या फोनसाठी नवी अँड्रॉइड बांधतात. सायनोजेनमॉड ही अशीच एक अँड्रॉइड. तिच्यामागच्या कंपनीने २०१६ च्या डिसेंबरात गाशा गुंडाळला, तर त्याच मंडळींनी लिनिएजओएस या नावाने काम चालू ठेवलं. माझा मेहुणा कॉलेजपासून या नादात. घरचे त्याला रिकामटेकडा म्हणायचे, मी त्याला गाळ्यात बसवला.

रेडमी बनवणाऱ्या शाओमीचा फोन फास्टबूटमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला जोडून सिस्टीम बदलायच्या अवस्थेत, टाकला की पडद्यावर कानटोपी घातलेला ससा रोबोटची दुरुस्ती करताना दिसायचा. गिऱ्हाइकाला तो भारी आवडायचा. त्याआधी आठवडा गेलेला असायचा, कारण बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारा आणि बाहेरची सिस्टीम अडवणारा प्रोग्राम, अनलॉक करायची परवानगी मागितली की कंपनी बहुतेक वेळा १६८ तास थांबायला लावायची. बूटलोडर उघडला की आतलं सगळं पुसलं जातं, म्हणून नातवंडांचे फोटो आधी उतरवून घ्यायचे. शक्य असेल तिथे ईएफएस, म्हणजे नेटवर्कची माहिती साठवणाऱ्या विभागाची प्रतही काढून ठेवायची. तो बिघडला तर आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, जातो, आणि आयएमईआय गेला की फोनला नेटवर्क मिळत नाही. हे न करता रॉम, म्हणजे अशी बांधलेली नवी अँड्रॉइड, टाकून देणारे कमी नाहीत, आणि त्यांची गिऱ्हाइकं शेवटी आमच्याकडेच येतात. मग रिकव्हरी, म्हणजे रॉम चढवायचं साधन, मग रॉम, गूगलची अ‍ॅप. पहिल्यांदा चालू व्हायला फोन बराच वेळ घेतो, तेवढा वेळ समोरच्याचा जीव टांगणीला.

फोन हातात घेण्याआधी आमचा पहिला प्रश्न असतो, "काका, यावरून पैसे पाठवता का?" हो म्हणाले तर बहुतेकदा आम्ही काम घेत नाही. बँकांची कित्येक अ‍ॅप गूगलच्या यंत्रणेमार्फत फोन तपासतात आणि बूटलोडर उघडा दिसला की चालायचं नाकारतात. पूर्वी सेफ्टीनेट होतं, आता प्ले इंटिग्रिटी आहे, आणि २०२५ पासून ही तपासणी आणखी कडक झाली. तिला गंडवायच्या युक्त्या यूट्यूबवर बघून लोक येतात. आम्ही त्या करत नाही. आज चाललेली युक्ती पुढच्या महिन्यात बंद पडते, आणि ऐन दुकानात बिल देताना फोन अडला की शिव्या आम्हालाच. शिवाय नवी अँड्रॉइड आली तरी मॉडेमचं, म्हणजे नेटवर्क पकडणाऱ्या भागाचं, आतलं सॉफ्टवेअर बहुधा कंपनीने शेवटचं दिलेलंच राहतं, तेही तोंडावर सांगतो.

२०२० मध्ये शाळा मोबाइलवर आल्या आणि कपाटातले फोन बाहेर निघाले. त्या वर्षी आम्हाला खरा धंदा दिसला. अभ्यासाला, नकाशाला, डिलिव्हरीचा फोटो काढायला बँकेचं अ‍ॅप लागत नाही. मग वागळे इस्टेटमध्ये छोटी जागा घेतली. आता क्लासवाल्यांचे टॅब आणि कुरिअरवाल्यांचे फोन एकगठ्ठा येतात. एकाच मॉडेलचे पंचवीस फोन असले तर काम परवडतं, पंचवीस मॉडेलचे असले तर मेहुणा वैतागतो. दर महिन्याला पॅच टाकायचं कंत्राट घेतो. एकदाच रॉम टाकून दिला तर दोन वर्षांनी परत तेच रडगाणं.

पुढे हे काम कमी होईल, याचा अंदाज आहे. पिक्सेल ८ आणि गॅलेक्सी एस२४ पासून गूगल, सॅमसंग आपल्या वरच्या फोनना सात वर्षं अपडेट द्यायला लागले. युरोपात तर जून २०२५ पासून पाच वर्षांचा नियमच आहे. स्वस्तातल्या फोनचं मात्र आपल्याकडे अजून कंपनीच्या मर्जीवर आहे. त्यामुळे हल्ली लोक घेण्याआधीच विचारायला येतात, याला अपडेट किती वर्षं, बूटलोडर उघडतो का. या सल्ल्याचे पैसे घेत नाही. अट एकच, नवा घेतलात की जुना आम्हाला विकायचा.