भुताआधी लाइटचं वेळापत्रक

मास कॉमला आम्हाला असाइनमेंट आली: भयपटाची फक्त सुरुवात करायची, दोन मिनिटांची. पुढचा सिनेमा कधीच बनणार नाही हे सगळ्यांना माहीत. तरी तेवढ्यात बघणाऱ्याला हा भयपट आहे हे कळायला हवं आणि पुढचं बघावंसंही वाटायला हवं. ग्रुपने लगेच यादी काढली. पडका वाडा, धुकं, करकरणारं दार, नेटवर्क गेलेला फोन, ‘तिकडे जाऊ नका’ म्हणणारा म्हातारा.

धुकं म्हणे! जळगाव जिल्ह्यात, एप्रिलमध्ये.

यादीबद्दल माझी तक्रार नव्हती. या ठरलेल्या खुणा दिसल्या की प्रेक्षक आपोआप सावरून बसतो, आणि दोन मिनिटांत तेवढी सोय कोण सोडेल? पण प्रत्येक खूण काहीतरी काम करत असते. वाडा माणसाला एकटं पाडतो, धुकं पुढचं दिसू देत नाही. ते काम आपल्याकडे कोण करतं ते शोधायचं, एवढंच माझं म्हणणं होतं.

भयपटाला हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, हा बाबा रात्री एकटा तिथे मरायला जातोच कशाला? खान्देशात हा प्रश्न कुणी विचारणारच नाही. शेतीची थ्री फेज लाइट कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की लाइट येईल तेव्हा उठायचं, बॅटरी घ्यायची आणि मोटर चालू करायला मळ्यात जायचं. माझे मामा चोपड्याजवळ केळी करतात, त्यांची निम्मी वर्षं अशीच गेली. ‘आता मोबाइल स्टार्टर असतो ना, घरूनच चालू होते मोटर,’ असं ग्रुपमधल्या एकाने सुनावलं. बरोबर आहे. म्हणून आमच्या गोष्टीत स्टार्टरमधल्या सिमचं रिचार्ज संपलेलं आहे. नेटवर्क गेलेला फोन यादीतून असा वळता करून घेतला.

केळीच्या बागेत रात्री गेला नसाल तर एकदा जाऊन बघा. दोन ओळींमधून चालताना डोक्यावर पानं मिटलेली, आभाळ नाहीच. वाऱ्याने चिरलेली पानं एकमेकांवर घासतात आणि पाऊस आल्यासारखं वाटतं. वर हात धरावा तर कोरडा. त्यात मामांनी घडांना पांढऱ्या स्कर्टिंग बॅगा, म्हणजे घड झाकायच्या पिशव्या, घातलेल्या. माणसाच्या उंचीवर, ओळीने लटकलेल्या. आपण बॅटरी घेऊन चालायला लागलो की त्यांच्या सावल्या मागच्या खोडांवरून सरकतात. आपण थांबलो की त्याही थांबतात. पांढऱ्या साडीचा विषय तिथेच मिटला.

उजेडासाठी फक्त ती बॅटरी आणि मोटरच्या खोलीतला एक बल्ब. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे शटर सेकंदाच्या 1/50 वर आणि फ्रेम सेकंदाला 25 ठेवले, नाहीतर बल्ब चित्रात लपलपतो. मोबाइलचा आयएसओ, म्हणजे कमी उजेडात टिपायची ताकद, चढवला की काळ्या भागात दाणे यायचे. मग अगदी अंधारातले शॉट दिवस मावळल्यावर, आभाळात थोडा निळा उजेड असतानाच उरकले. कॅमेरा थोडा तिरका धरायचा का यावर बराच वाद झाला. नाही धरला. बागेत सरळ काही नसतंच.

म्हाताऱ्याचं काम शेजारच्या आबांनी केलं. संवाद लिहिला होता, ‘रातले तठे नको जाऊ भो.’ आबांनी तो असा म्हटला की सगळे हसले. मग मीच म्हटलं, आबा, रोज विचारता तेच विचारा, फक्त दोघांना विचारल्यासारखं. ओट्यावर बसून, तंबाखू मळत, वर न बघता आबा म्हणाले, ‘जेवनात का रे दोन्ही?’ म्हणजे, जेवलात का रे दोघं?

आमचा नायक एकटाच चाललेला आहे. दुसरा कोण, ते आम्ही दाखवलेलंच नाही.

शेवटचा दचका मात्र सरळ उचलला आहे, आणि तो उचलायलाच असतो. 1942 च्या ‘कॅट पीपल’ या अमेरिकन भयपटात एक बाई रात्री एकटी चालते, मागे पावलं वाजतात, मग ती थांबतात, आणि एकदम श्वापदासारखा फिस्स आवाज करत बस समोर येऊन थांबते. निर्माता व्हॅल ल्यूटन, म्हणून अशा फसव्या दचक्याला ‘ल्यूटन बस’ म्हणतात. आमच्याकडे एसटी आहे. नायक बागेतून धावत बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर येतो, आवाज पूर्ण बंद, आणि कानाशी एसटीचा एअर ब्रेक. दचक्याआधीची शांतता लांबवायला एडिटिंग करणारा तयार नव्हता. प्रेक्षक कंटाळतील म्हणे. मी म्हटलं, कंटाळू दे, कंटाळलेला माणूसच नीट दचकतो.

एसटी आपल्या शूटिंगसाठी कोण थांबवणार? म्हणून ग्रुपमधला एक जण पिशवी घेऊन फाट्यावर उभा राहिला, हात केला. बस थांबली, ब्रेक वाजला, शॉट मिळाला. कंडक्टर ‘चढ लवकर’ म्हणाला आणि हा घाबरून खरंच चढला. पुढच्या थांब्यापर्यंतचं तिकीट काढून, तिथून अंधारात चालत परत आला. त्या तिकिटाचे पैसे तो अजून ग्रुपकडे मागतोय.