फिल्टर सुकू द्यायचा नाही

आमच्या हॉलची खिडकी पश्चिमेला. मार्च संपत आला की दुपारचं ऊन थेट माशांच्या टाकीवर येतं. काचेवर शेवाळ धरतं ते घासून काढता येतं, पण तापणाऱ्या पाण्याचं काय? माझ्याकडे डेनिसन बार्ब आहेत, दुकानात ज्यांना 'मिस केरला' म्हणतात ते. केरळ-कर्नाटकातल्या पश्चिम घाटाच्या वाहत्या, गार ओढ्यांतला हा मासा. शास्त्रीय नावच सह्याद्रिया डेनिसोनी. त्याला ऑक्सिजन भरपूर लागतो आणि पाणी जितकं तापेल तितका त्यात ऑक्सिजन कमी राहतो. मूळच्या ओढ्यांत ही जात आज धोक्यात आहे, त्यामुळे घरी आणलेले मासे नीट जगवणं ही माझी जबाबदारी आहे असं मी मानते. टाकी आतल्या खोलीत, ऊन न पोचणाऱ्या भिंतीशी न्यायचं ठरलं.

"ताई, चौघं धरू आणि नेऊन ठेवू," भाऊ म्हणाला. मी साफ नाही म्हटलं. टाकी तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच. काठापर्यंत भरली तर १६० लिटर पाणी बसतं, म्हणजे तेवढेच किलो. खडी, दगड आणि काच धरली की वजन दोनशेच्या पुढे जातं. शिवाय उचलताना पाणी हिंदकळतं, तळाच्या काचेला पीळ बसतो आणि सिलिकॉनचे जोड ढिले होतात. तेव्हा काही दिसत नाही, नंतर कधीतरी टाकी गळायला लागते. काही जण तळाला थोडं पाणी ठेवून उचलतात. मला तेही पटत नाही. टाकी पूर्ण रिकामी करायची, खडीसुद्धा काढायची.

पण आदल्या दिवशीच्या दोन गोष्टी आधी. माशांना खायला द्यायचं नाही, म्हणजे बादलीतलं पाणी कमी घाण होतं. आणि नवं लागणारं पाणी पिंपात भरून घरातच ठेवायचं. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी नळाला चांगलं कढत येतं, ते सरळ माशांवर ओतता येत नाही. पिंपात अँटी-क्लोरीन, म्हणजे पाण्यातलं क्लोरीन घालवणारं औषधही तेव्हाच घातलं.

आता फिल्टर. सगळ्यांत जास्त जपायचं ते यालाच, आणि नेमकं याच्याकडेच लक्ष जात नाही. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात आणि मग नायट्रेट, जे माशांना त्यामानाने सोसतं. हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात. स्पंजवर, सिरॅमिकच्या नळ्यांवर, खडीवर चिकटलेले असतात. लोक जुनं पाणी थेंबन्‌थेंब साठवतात आणि "हलवतोच आहोत तर" म्हणून स्पंज नळाखाली स्वच्छ धुतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन तिथले जिवाणू मारतं. मग टाकी नव्या जागी चकचकीत दिसते आणि थोड्याच दिवसांत अमोनिया साचून मासे वर येऊन धापा टाकायला लागतात.

या जिवाणूंना ओल लागते तसा ऑक्सिजनही लागतो. कॅनिस्टर, म्हणजे टाकीबाहेरचा डब्यासारखा फिल्टर, बंद करून तसाच कोपऱ्यात ठेवला तर आतल्या साचलेल्या पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि जिवाणू मरू लागतात. म्हणून मी कॅनिस्टर उघडून स्पंज आणि नळ्या टाकीच्याच पाण्याच्या बादलीत ठेवल्या, आणि त्या बादलीत एअर पंपाची एक नळी सोडली. दुसरी नळी माशांच्या बादलीत. वीज गेलीच तर म्हणून सेलवरचा पंप जवळ होता.

मासे भरल्या टाकीत पकडायला जाऊ नये. आधी सायफनने पाणी उतरवायचं, ते बादल्यांत साठवायचं, वीतभर उरलं की दगड काढायचे आणि मग जाळी. डेनिसन फार उड्या मारतो, बादलीवर झाकण हवंच. टाकीत तळाशी राहणारे छोटे कोरीडोरास मासेही आहेत, त्यांना मात्र जाळी लावू नका. त्यांच्या परांचे काटे जाळीत अडकतात आणि सोडवताना मासा जखमी होतो. मी त्यांना प्लास्टिकच्या डब्यात अलगद घेतलं.

खडी उपसताना खालचा गाळ उठतो. खडी जुन्याच पाण्यात एकदा खळबळून घेतली, नळाखाली नाही. ते गढूळ पाणी कुंड्यांना घातलं.

स्टँड नव्या जागी खोलीच्या मधोमध न ठेवता भिंतीलगत, खाली तुळई आहे तिथे ठेवला. लेव्हल लावून पाहिली तर फरशीला किंचित उतार निघाला. स्टँडच्या पायांखाली पट्ट्या सरकवून तो सरळ केला. टाकीखाली फोमची शीट घातली, म्हणजे बारीक कण राहिला तरी काचेच्या एकाच बिंदूवर भार येत नाही. वायरी प्लगच्या खाली झोल देऊन मग वर घेतल्या, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगपर्यंत न जाता झोलातून खाली गळतं.

मग खडी, वरचं नितळ जुनं पाणी, उरलेलं पिंपातलं. लगेच फिल्टर सुरू. माशांच्या बादलीत टाकीचं पाणी मगाने थोडं थोडं घालत नेलं आणि मग मासे सोडले. त्या दिवशी दिवा लावला नाही, घरातल्या मुलांनाही काचेवर टकटक करू दिली नाही.

पुढचा आठवडा खाणं निम्मं, आणि रोज सकाळी अमोनिया आणि नायट्राइटची चाचणी. रंग जरा जरी बदलला तर पाव टाकी पाणी बदलायचं, स्पंजला महिनाभर हात लावायचा नाही.