सिडनीला येताय? समुद्रात उतरण्याआधी हे वाचा

डिसेंबरात आपल्याकडे स्वेटर बाहेर निघतात तेव्हा इथे सिडनीत उन्हाळा सुरू होतो. मुलांना सुट्ट्या, म्हणून गावाकडून आजी-आजोबाही याच दिवसांत येतात. बाँडाय बीच पाहिल्याशिवाय कोणी परतत नाही, त्यामुळे हे लिहायलाच हवं.

किनाऱ्यावर गेल्यावर आधी लाल-पिवळे झेंडे शोधा. दोन झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यावर जीवरक्षकांचं लक्ष असतं. तिथे गर्दी असते, लाटाही फुटत असतात. थोडं बाजूला मात्र पाणी गडद, संथ, मोकळं दिसतं, आणि लेकरांना घेऊन आपली माणसं नेमकी तिकडे वळतात. बहुतेकदा तीच धोक्याची जागा असते. लाटांबरोबर किनाऱ्याला आलेलं पाणी परत जाताना वाळूच्या उंचवट्यांमधली खोल वाट धरतं. खोली जास्त, म्हणून तिथे लाट फुटत नाही. या ओढीला इथे रिप म्हणतात. बाँडायच्या दक्षिण टोकाला तर कायमची एक रिप आहे.

माझे सासरे कृष्णेत पोहत मोठे झालेले. ‘मला काय होतंय?’ म्हणून झेंड्यांबाहेर निघाले होते. त्यांना मी रॉब ब्रँडर या इथल्या प्राध्यापकांचा व्हिडिओ दाखवला. ते पाण्यात जांभळा रंग सोडतात आणि बघता बघता तो रंग सरळ खोल समुद्राकडे निघतो. सासऱ्यांनी तो दोनदा पाहिला आणि मुकाट्याने झेंड्यांमध्ये आले.

रिप माणसाला खाली खेचत नाही, आत नेते. माणूस दमतो तो तिच्याविरुद्ध हात मारून. म्हणून सापडलात तर अंग सैल सोडून तरंगत राहा, हात वर करून मदत मागा. ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर, लाटा फुटताहेत त्या बाजूला पोहा. 6 फेब्रुवारी 1938 ला याच बाँडायला लागोपाठच्या मोठ्या लाटांनी शेकडो लोक आत ओढले गेले. पाच जण दगावले. बाकीचे वाचले, कारण त्या दिवशी जीवरक्षक स्वयंसेवक मोठ्या संख्येने किनाऱ्यावर हजर होते.

संध्याकाळी झेंडे काढले की पाण्यातून बाहेर या, ऊन कितीही रेंगाळलेलं असो. आणि कोणी बुडताना दिसलं तर कृपा करून रिकाम्या हाती मागे उडी घेऊ नका, मग ते आपलं पोर का असेना. जीवरक्षकाला हाक मारा, नसेल तर 000 हा इथला आपत्कालीन नंबर फिरवा, आणि तरंगणारं जे हाताला लागेल ते त्याच्याकडे फेका.